निघण्याची वेळ

आमच्या कामात खरा छळ पेशंट करत नाहीत, फाईल करते.

मी घरोघरी जाणारी नर्स. ज्यांच्या आजारावर आता इलाज उरलेला नाही, फक्त दुखणं आटोक्यात ठेवायचं बाकी आहे, अशांच्या घरी मी जाते. त्यातही माझ्या यादीतले सगळे एकटे राहणारे. कुणाचं कुणी नाही, कुणाची मुलं लांब, तर कुणाची चार गल्ल्या पलीकडे असून नसल्यासारखी. अशा घरांच्या दाराशेजारी भिंतीवर एक लोखंडी डबी बसवलेली असते. चार आकडे फिरवले की उघडते, आत घराची किल्ली. माणुसकीनं बघितलं तर आत गेल्यावर आधी पेशंटचा हात हातात घ्यावा. पण नाही, आधी फाईल. आल्याची वेळ, काय केलं, सही, निघण्याची वेळ. चार रकाने. "जे लिहिलं नाही ते झालंच नाही," असं आमच्या ऑफिसातल्या मॅडम दर मीटिंगला बजावतात. आणि जे लिहिलं ते झालंच, असं ऑफिस धरून चालतं. त्यांचं काय जातंय, खुर्चीत बसून कागद तर तपासायचे.

माझ्या लिहिण्यावरून मी त्यांची कायम बोलणी खाते. मी साडेदहा लिहायचं असेल तर १०॥ असं लिहिते. दहाच्या पुढे दोन उभ्या रेघा. सव्वा असेल तर एकच रेघ. वडिलांनी शिकवलेलं, हाताला बसलं ते बसलं. "सिस्टर, हे आता कळतं कुणाला?" मॅडम विचारतात. मला कळतं, मी म्हणते. अख्ख्या ऑफिसात असं लिहिणारी मी एकटीच. घरीही एकटीच असते, त्यामुळे तिथे कुणी टोकत नाही.

हॅलोबाईंकडे मी सात महिने जात होते. टेलिफोन ऑफिसात चौतीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. मी त्यांना मावशी म्हणायची. तिसरा मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी कॉट, तिच्या उजव्या बाजूला माझी खुर्ची, डाव्या बाजूला कॉट आणि भिंत यांच्यात एक स्टूल जेमतेम मावेल एवढी फट. दुखणं हाडांत पसरलेलं. डोळे अधू झाले होते, पण कान असे की विचारू नका. लिफ्टमधून कोण उतरलं ते पावलांवरून सांगायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नव्या चपला घेतल्या, हे मला त्यांच्याकडून कळलं.

"सिस्टर," एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीत बसताना श्वास धरता."

"वय झालं मावशी. कंबर कुरकुरते."

"कंबर नाही ती. दुखण्याचा श्वास मला कळतो. रोज स्वतःचा ऐकते ना. दाखवून घ्या कुणाला तरी."

"बघू," मी म्हटलं. पाठीतल्या त्या दुखण्याला तेव्हा चार महिने झाले होते. ड्रेसही सैल व्हायला लागले होते. दुसऱ्याचं सगळं आम्हाला दिसतं, स्वतःच्या बाबतीत मात्र आम्ही ठार आंधळ्या.

मावशींचं मागणं एकच होतं. "मला त्या शुश्रूषा केंद्रात हलवू नका. तिथे एका खोलीत सहा जणांचे आवाज एकमेकांत घुसतात, क्रॉस कनेक्शन नुसतं. मला माझा फ्रिज ऐकू दे, माझा नळ ऐकू दे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि शेवटी लाइनवर कुणीतरी असू दे. आम्ही ऑपरेटर समोरच्याच्या आधी कधी फोन ठेवला नाही. समोर कुणी नसताना ठेवायचा कसा, ते मला येत नाही."

मी शब्द दिला. द्यायला नको होता. आमचा नियम स्पष्ट होता: पेशंटला स्वतःहून कूस बदलता येईना, की संध्याकाळी घरी माणूस हवं, नाहीतर केंद्रात हलवायचं. मी सकाळी दहाला जायची, जेवण भरवणाऱ्या ताई दुपारी एकला. त्याच घरी पुन्हा जायची संध्याकाळची फेरी ऑफिसनं मागच्या वर्षीच बंद केलेली. मावशी जानेवारीत स्वतः उठून बसत होत्या. जूनमध्ये त्यांना मान वळवायलाही मदत लागायला लागली. मी फाईलमध्ये मात्र "आधाराने कूस बदलते" असंच लिहीत राहिले, आणि मनातून घाबरत राहिले.

एका मंगळवारी सकाळी मी गेले. रात्रभर एकाच कुशीवर पडलेलं माणूस सकाळी कसं सापडतं ते मला चांगलं माहीत आहे. पांघरूण बाजूला केलं. मावशी डाव्या कुशीवर होत्या. पाठीशी उशी. गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी. वरचा हात घडी केलेल्या टॉवेलवर अलगद टेकवलेला. टाचा लालसुद्धा नव्हत्या.

फाईल उघडली. सोमवारच्या नोंदींखाली एक जास्तीची ओळ होती. आल्याची वेळ ५॥. कू.ब. तों.ओ. म्हणजे कूस बदलली, तोंड ओलं केलं, ही आमची रोजची संक्षिप्त भाषा. पुढे माझी सही. निघण्याची वेळ रिकामी.

आधी मला माझाच राग आला. म्हटलं, डोकं ठिकाणावर नाही तुझं, दुसऱ्या घरची नोंद इथे करून बसलीस. ओळ खोडली, शेजारी "चुकून" लिहिलं आणि कामाला लागले.

बुधवारी पुन्हा तीच ओळ. मंगळवार, ५॥.

मंगळवारी साडेपाचला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. एका पेशंटला नळी घालायची होती, डॉक्टर शेजारी उभे होते, पावणेसातपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. मी ती ओळ खिडकीच्या उजेडात धरून बघितली. पाचाचं पोट मी जरा फुगवून काढते, तसंच होतं. सहीच्या शेपटाला मी झटका देते, तोही होता. शाई मात्र माझ्या पेनची नव्हती. मी गेल्या दसरा-दिवाळीपासून म्हणा, निळं पेन वापरते; ही शाई काळी होती.

एक वाजेपर्यंत मुद्दाम थांबले. जेवणाच्या ताई डबा घेऊन आल्या.

"ताई, संध्याकाळी तुम्ही येऊन जाता का इथे?"

"मी? अहो सिस्टर, संध्याकाळी माझी तीन घरं असतात. मेले तरी जमणार नाही."

"डबीचा नंबर कुणाला दिलात?"

"कुणाला देऊ? माझ्या नवऱ्याला माझा मोबाईल नंबर धड पाठ नाही!" त्या हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. "का हो? काही चोरीला गेलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "काही गेलेलं नाही."

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी मावशींच्या कानाशी वाकले. "मावशी, संध्याकाळी कोण येतं?"

"असं काय विचारता? तुम्हीच तर येता."

"मी नाही येत मावशी."

फ्रिज सुरू झाला, बंद झाला. "डबीचे चार आकडे फिरतात ते ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "मग तुमची पावलं. डावा पाय तुम्ही किंचित घासत टाकता. मग त्या बाजूला बसता, भिंतीकडे. श्वास तुमचाच. फक्त बसताना धरत नाही, तेवढाच काय तो फरक. मला वाटलं, दाखवून घेतलंत, बरं झालं."

"काही बोलते का ती?"

"बोलत नाही. तुम्ही कशा, निघताना 'येते हं मावशी' म्हणता? ते कधी म्हणत नाही. आणि सिस्टर, तिच्या येण्याचा आवाज मी ऐकते. जाण्याचा आवाज काही मला येत नाही."

मी भिंतीकडच्या फटीत बघितलं. तिथे स्टूल होतं. सकाळपासून तिथेच होतं, आणि आदल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात होतं.

आता जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी, संध्याकाळची फेरी अजून सुरू होती तेव्हा, माझ्या यादीत एक म्हातारे होते. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून मी त्यांना घड्याळजी म्हणायची. तेव्हा आम्ही सगळ्याच एक चोरटी सवय करून बसलो होतो. संध्याकाळी पाच घरं, प्रत्येक घरी लिहिण्यात वेळ जायचा. म्हणून संध्याकाळची नोंद सकाळीच लिहून टाकायची. वेळ, काम, सही, सगळं. फक्त निघण्याची वेळ रिकामी ठेवायची, ती नंतर भरायची. तसं एका सकाळी मी त्यांच्या फाईलमध्ये ५॥ लिहिलं. कू.ब., तों.ओ. लिहिलं. सही केली. काळं पेन होतं माझ्याकडे तेव्हा. "येते संध्याकाळी," म्हटलं. ते म्हणाले, "या. वाट बघतो."

संध्याकाळी मी गेले नाही. काही आभाळ कोसळलं नव्हतं. पाय दुखत होते, तीन घरं झाली होती, बस समोर आली ती घराकडची होती. म्हटलं, एक दिवस नाही गेलं तर काय होतंय. घरी जाऊन चहा केला आणि पाय पाण्यात सोडून बसले.

सकाळी मीच गेले, मलाच ते सापडले. उजव्या कुशीवर, आदल्या दिवशी मी वळवलं होतं तसेच. एक हात कॉटच्या बाहेर, माझ्या खुर्चीच्या दिशेनं. ओठ कोरडे, चिरलेले. आणि फाईलमध्ये लिहिलेलं की साडेपाचला मी आले, त्यांना वळवलं, त्यांचं तोंड ओलं केलं. ती ओळ मी खोडली नाही. निघण्याची वेळ भरायला हात धजावला नाही, म्हणून पूर्णही केली नाही. फाईल तशीच ऑफिसात जमा झाली. जे लिहिलं ते झालंच, असं धरून कुणीतरी तिच्यावर शिक्का मारला.

तर त्या बुधवारी मी हे सगळं आठवत मावशींच्या कॉटशी उभी होते. मॅडमना सांगावं, तर घरात अनोळखी माणूस येतं म्हणून त्या मावशींना त्याच दिवशी केंद्रात हलवतील. न सांगावं, तर मावशींना मी कशाच्या स्वाधीन करतेय? मी नंबर बदलला डबीचा. ताईंना आणि ऑफिसला नवा कळवला. गुरुवारी सकाळी ओळ होतीच.

त्याच दिवशी मॅडम न सांगता तपासणीला आल्या. मावशींची पाठ बघितली, टाचा बघितल्या, ओठ बघितले. मग फाईल उघडून चष्मा कपाळावर सरकवला.

"सिस्टर, ह्यांना स्वतःहून हलताच येत नाही. आणि त्वचा इतकी चांगली? संध्याकाळी कोण करतं?"

खोडलेल्या आणि न खोडलेल्या ओळींवरून त्यांचं बोट फिरत होतं. मावशींनी श्वास रोखून धरलेला मला ऐकू आला.

"मीच," मी म्हटलं. "घरी जाताना येऊन जाते."

"ड्यूटी संपल्यावर?"

"हो."

"कमाल आहे तुमची," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मायेनं बघितलं. "मग राहू दे ह्यांना इथेच. पण निघण्याची वेळ भरत जा हो. आणि हे साडेपाच नीट लिहा." दार लागल्यावर मावशी खुदकन हसल्या. मला मात्र रडू आलं. एक खोटं वर्षभर उरावर घेऊन हिंडत होते, त्याच खोट्यावर आज दुसऱ्यांदा सही केली होती.

एवढं होऊनही संध्याकाळी तिथे जायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगते, साडेपाच वाजले की मी पेशंट सोडून कुठेतरी गर्दीत जाऊन उभी राहायची. ओळी येत राहिल्या. मावशी स्वच्छ, कोरड्या, शांत राहिल्या.

अकराव्या दिवशी डॉक्टर सकाळी येऊन गेले. जिन्यात मला म्हणाले, "आजच्या दिवसाचंच आहे. कुणी थांबेल?"

मी वर बघितलं. "मी थांबते," म्हटलं.

दुपारी दोन घरं उरकली आणि पाचला परत आले. डबीतून किल्ली काढली, दार आतून लावलं, किल्ली ड्रेसच्या खिशात टाकली. उजवीकडच्या खुर्चीत बसले. बसताना पाठीत कळ आली आणि श्वास धरला गेला.

"आलात," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या. "ह्या तुम्हीच."

त्यांचा उजवा हात मी हातात घेतला. गार पडत चालला होता. खिडकीतून ऊन येत होतं, स्वच्छ, पिवळं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. नळाचा थेंब पडत होता. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

पाच पंचवीस. पाच अठ्ठावीस.

बाहेर डबीचा पहिला आकडा फिरला.

दुसरा.

तिसरा. चौथा. डबी उघडल्याचा टक्‌ असा आवाज आला.

किल्ली माझ्या खिशात होती. मी मुठीत घट्ट धरली होती ती.

दार उघडलं नाही. कडी हललीसुद्धा नाही. पण डावा पाय किंचित घासत टाकलेली पावलं खोलीतून गेली, कॉटच्या पायथ्यावरून वळली, आणि स्टूल भिंतीला हलकेच लागलं.

मावशींच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आज दोघी," त्या म्हणाल्या.

त्यांचा डावा हात पांघरुणावर होता. मी बघत असताना त्याची बोटं हळूहळू मिटली. पूर्ण नाही. कुणाचा तरी हात मावेल एवढीच. हाताच्या मागच्या बाजूला चार जागी कातडी दबून पांढरी झाली होती.

मी पळाले नाही. कसं कोण जाणे. मी उजवा हात धरून राहिले.

त्यांचे ओठ हलले. मी वाकले. माझ्या समोरून आणखी कुणीतरी वाकल्यासारखी उशी किंचित दबली.

"ठेवते हं," मावशी म्हणाल्या.

"ठेवा मावशी," मी म्हटलं.

आणि त्यांनी ठेवला.

पुढचं सगळं मी रीतसर केलं. डॉक्टरांना फोन, त्यांच्या परगावच्या भाच्याला फोन, ऑफिसला फोन. डोळे मिटले, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. मग फाईल घेतली. ओळ लिहिलेलीच होती, काळ्या शाईत. ५॥. या वेळी कू.ब. नव्हतं, तों.ओ. नव्हतं. एवढंच होतं: हात धरून बसले. सही माझी.

निघण्याची वेळ रिकामी होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मग माझं निळं पेन काढलं आणि त्या रकान्यात लिहिलं, ६।. सव्वासहा. वर्षभर हात धजावत नव्हता, ते लिहून टाकलं. एकदम हलकं वाटलं. म्हटलं, झालं, सुटली बिचारी ती साडेपाचची. दाराशी सवयीनं तोंडून निघून गेलं, "येते हं मावशी."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. सकाळी उठून मी चक्क डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला, पाठीसाठी सोमवारची वेळ घेतली. मावशींना तेवढं तरी देणं लागत होते. दुपारी दुखायला लागलं म्हणून गोळी घेतली आणि जरा आडवी झाले. उताणी, नेहमीसारखी. उशी एकच, डोक्याखाली. दाराला आतून कडी. माझ्या दाराबाहेर किल्लीची डबी नाही, कारण मी अजून कुणाची पेशंट नाही.

जाग आली तेव्हा मी डाव्या कुशीवर होते.

पाठीशी सोफ्यावरची उशी लावलेली होती. गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. वरचा हात घडी केलेल्या टॉवेलवर होता, घडी मी घालते तशी, तिपदरी. ओठ ओले होते. पाठ अजिबात दुखत नव्हती, किती महिन्यांनी.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहाला मिनिटभर कमी होतं. मी हलले नाही. मागे वळून बघितलं नाही. मावशींसारखी नुसती कान देऊन पडून राहिले, ती गेल्याचं दार वाजायची वाट बघत.

सहा वाजले. सव्वासहा वाजले. दार काही वाजलं नाही.